डिकोडरला टेप कोणती? व्होल्टेज सोडा, चिकटा बघा

खानापूरच्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. त्याने घरी माळ्यावर कुळे ते कॅसल रॉक या घाटाचा मॉडेल रेल्वेचा लेआउट बांधलाय, एचओ मापाचा (खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान). बाहेरून मागवलेल्या जुन्या डीसी डिझेल इंजिनात स्वतःच डीसीसी (रुळांतूनच वीज आणि हुकूम दोन्ही पाठवणारी डिजिटल पद्धत) डिकोडर, म्हणजे ते हुकूम ओळखून मोटर चालवणारा छोटा बोर्ड, बसवला आणि तो धातूच्या चासिसला टेकू नये म्हणून काळ्या इन्सुलेशन टेपने चारी बाजूंनी गच्च गुंडाळला. सपाटीवर इंजिन छान चालतं, पण डबे घेऊन घाट चढताना मधेच थांबतं आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालू लागतं. बॉडी उघडली तर टेप सरकलेली, तारांना काळा चिकटा लागलेला. त्याने विचारलंय, "यापेक्षा जास्त व्होल्टेजची टेप घेऊ का? कोणत्या कंपनीची?"

कंपनीचं नंतर बघू. आधी व्होल्टेजचा विचार डोक्यातून काढा, कारण निम्मी चुकीची खरेदी तिथूनच होते.

एचओ लेआउटवर डीसीसीचे रुळांवर साधारण १४-१५ व्होल्ट असतात. बाजारातल्या साध्या पीव्हीसी टेपवर ६०० व्होल्ट छापलेलं असतं, आणि प्रत्यक्षात ती फुटायला हजारो व्होल्ट लागतात. नुसत्या व्होल्टेजचा हिशेब केला तर शाळकरी सेलोटेपसुद्धा पुरेल. मॉडेल इंजिनात टेप हरते ती वेगळ्याच कारणांनी. उष्णतेने चिकटा पातळ होऊन टेप सरकते. टेप जाड असेल तर बॉडी बसवताना ती दाबली जाते आणि तार चेपते. चासिसच्या कास्टिंगची बारीक कड टेपमधून आरपार जाते. म्हणून दुकानात विचारायचे प्रश्न असे: ही टेप किती तापमान सोसते, किती जाड आहे आणि तिचा चिकटा कशाचा आहे?

व्होल्टेज कमी म्हणून निष्काळजी मात्र राहू नका. ५ अॅम्पिअरचा बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारी पेटी, १५ व्होल्टला ७५ वॅट देऊ शकतो. पूर्ण शॉर्ट झाला तर बूस्टर ट्रिप होतो आणि सुटका होते. पण अर्धवट टेकलेली, कधी लागणारी कधी सुटणारी तार असेल, तर बूस्टरला तो शॉर्ट वाटतच नाही. तेवढी वीज त्या एका जागी उष्णता होऊन बसते आणि प्लास्टिकची बॉडी आतून वितळते. सरकलेल्या टेपचा धोका हाच आहे.

आता तुमच्या इंजिनाच्या दुखण्याकडे येऊ. घाटात थांबतं आणि स्वतःच पुन्हा चालतं, त्या वेळी बाकीचा लेआउट चालूच असतो, असं तुम्ही लिहिलंय. मग तो शॉर्ट नाही. शॉर्ट असता तर बूस्टर ट्रिप झाला असता आणि सगळ्याच गाड्या थांबल्या असत्या. तुमचा डिकोडर तापून स्वतःला वाचवतोय. बहुतेक डिकोडरांत तापमान हद्दीबाहेर गेलं की मोटर बंद करण्याची सोय असते, आणि तो गार झाला की पुन्हा चालू होतो.

तो का तापतो, तेही समजून घ्या. रुळावरची वीज डिकोडरमध्ये आधी रेक्टिफायरमधून जाते, मग मोटर फिरवणाऱ्या एच-ब्रिजमधून. या वाटेत दीडेक व्होल्ट खर्ची पडतात. मोटर अर्धा अॅम्पिअर घेत असेल तर पाऊण वॅट उष्णता झाली, आणि ती तीस बाय पंधरा मिलिमीटरच्या बोर्डावर. मोकळ्या हवेत ती सहज निघून जाते. टेपच्या चार वेढ्यांत ती जाणार कुठे? त्यातून तुम्ही बांधलाय घाट. कुळे ते कॅसल रॉक हा खरा चढ ३७ ला १ आहे, आणि म्हणूनच तिथे मालगाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. त्याच प्रमाणात तुम्ही चढ धरला असेल, तर भरलेली गाडी ओढताना मोटर सपाटीपेक्षा कितीतरी जास्त वीज घेणार. वर माळा, त्यावर कौलं किंवा पत्रा. एप्रिल-मेच्या दुपारी तिथली हवाच आधी तापलेली असते.

त्यामुळे पहिलं काम टेप बदलण्याचं नाही, डिकोडरभोवतीची टेप काढण्याचं आहे. डिकोडर कधीही गुंडाळायचा नाही. डिकोडर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या हे सोबतच्या माहितीपत्रकातच सांगतात, पण ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. इन्सुलेशन डिकोडरला द्यायचं नसतं, चासिसला द्यायचं असतं. ज्या धातूला डिकोडर टेकण्याची शक्यता आहे, त्या धातूवर टेप लावा. डिकोडर वरून उघडा राहू द्या. काही डिकोडर कारखान्यातूनच पातळ स्लीव्ह चढवून येतात. ती स्लीव्ह बनवणाऱ्याने उष्णतेचा हिशेब करून दिलेली असते. तिच्यावर आणखी काही चढवायचं नाही.

चासिसवर लावायची टेप म्हणजे पॉलिइमाइड. मोबाईल दुरुस्तीवाले जिला गोल्डन टेप किंवा कॅप्टन टेप म्हणतात तीच ही, मधासारख्या रंगाची, पारदर्शक. तिचं मूळ व्यापारी नाव कॅप्टॉन. ड्यूपॉन्ट कंपनीने १९६० च्या दशकात ही फिल्म काढली आणि पुढे ती अंतराळयानांतही वापरली गेली. आपल्या कामाला तिचे दोन गुण लागतात. सिलिकॉन चिकट्याची चांगली पॉलिइमाइड टेप २६० अंशांपर्यंतचं तापमान काही वेळ सोसते, म्हणून तिच्या शेजारी सोल्डरिंग करता येतं. आणि ती पातळ असते. मूळ फिल्म २५ मायक्रॉनची, चिकटा धरून ६०-७० मायक्रॉन. काळी पीव्हीसी टेप १२५ मायक्रॉनपासून सुरू होते. चासिस आणि बॉडी यांच्यात एचओ इंजिनातही जागा कमीच असते, आणि एचओपेक्षा लहान अशा एन मापात तर नसतेच. तिथे हा फरक फार मोठा आहे.

पण हीच टेप घेताना फसवणूक होते. पिवळसर रंगाची पॉलिस्टरची टेप "हीट टेप" म्हणून खपवली जाते. ओळखण्याची खात्रीची पद्धत सांगतो. इंचभर तुकडा कापा, पत्र्यावर चिकटवा आणि त्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक, साधारण ३५० अंशांचं, दोन-तीन सेकंद टेकवा. पॉलिस्टर असेल तर लगेच आकसतं, कडा गोळा होतात आणि भोक पडतं, कारण ते २६० अंशांच्या आसपास वितळतं. पॉलिइमाइड वितळतच नाही. फार तर टोकाखाली थोडं काळपट होईल, पण फिल्म जागच्या जागी सपाट राहील. दुकानदाराला सांगून त्याच्याच आयर्नवर ही परीक्षा घ्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

पॉलिस्टर टेप वाईट आहे असं मात्र समजू नका. ट्रान्सफॉर्मरवर पिवळी पट्टी दिसते ती हीच. १३० अंशांच्या वर्गातली असते, पातळ असते, फाटायला चिवट असते. दिव्यांच्या तारा बॉडीच्या आतून नेऊन जागोजागी चिकटवायला मी तीच वापरतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मोटार वाइंडिंगवाल्यांकडे चौकशी करा, त्यांच्या कामातली वस्तू आहे ती. तिथेच लेदरॉइड पेपरही विचारा. मोटारीच्या स्लॉटमध्ये घालतात तो जाडसर इन्सुलेशन कागद. चासिसवर डिकोडरखाली त्याचा मापाचा तुकडा कापून बसवला तर कोणतीही कड आरपार येत नाही. फक्त तो ओल धरतो. तुमच्या खानापूर-जांबोटी भागात जूननंतर भिंतीसुद्धा ओल्या होतात, तेव्हा तो उघडा वापरू नका, वरून पॉलिइमाइडचा एक थर द्या.

कडेबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण पॉलिइमाइडचा एकमेव मोठा दोष तिथे आहे. ही फिल्म ओढली तर तुटत नाही, पण एकदा कडेला चीर पडली की सरळ फाटत जाते. इंजिनाचं चासिस झिंकच्या मिश्रधातूचं डायकास्टिंग असतं आणि त्याच्या सांध्याच्या रेषेवर बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, राहिलेली असते. बेळगावात फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला बर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बोट फिरवलं की टोचते. तर टेप लावण्याआधी चासिसच्या वरच्या कडांवरून बारीक कानस फिरवा, नंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. हे करताना मोटर काढून ठेवा किंवा मास्किंग टेपने पूर्ण झाका, कारण धातूचा कीस चुंबकाला किंवा ब्रशला चिकटला तर नवं दुखणं सुरू. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसा. सिलिकॉनचा चिकटा असो की रबराचा, तेलकट धातूवर कोणताच टिकत नाही, आणि जुनं इंजिन म्हटलं की आत तेल असतंच. टेपचे दोन थर लावा, दुसरा पहिल्याला आडवा. टेप कडेवरून खाली किमान तीन मिलिमीटर वळवा. कडेवरच संपलेली टेप पहिल्या पावसाळ्यात उचलते.

एक सूचना रंगाबद्दल. इंजिनाला तुम्ही डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनाचा रंग देणार आहात असं लिहिलंय. सिलिकॉनचा चिकटा बॉडीला लागला तर त्या जागी रंग धरत नाही, गोल डोळे पडतात. म्हणून रंगकाम पूर्ण होईपर्यंत पॉलिइमाइड टेप बॉडीपासून दूर ठेवा, आणि तीच बोटं बॉडीला लावू नका.

तारांचे जोड ही वेगळी बाब आहे. तिथे टेप नकोच, कोणतीच. जोडाला हीट श्रिंक स्लीव्ह. डिकोडरच्या बारीक तारांना दीड मिलिमीटरची दोनास एक (निम्म्या व्यासापर्यंत) आकसणारी पॉलिओलेफिनची स्लीव्ह पुरते. सोल्डर करण्याआधी ती तारेवर ओवा आणि जोडापासून लांब सरकवून ठेवा, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेने ती तिथेच आकसते. थोड्या उष्णतेनेच ती आकसायला लागते. काडीपेटी वापरू नका. काजळी धरते आणि शेजारच्या तारेचं आवरण वितळतं. सोल्डरिंग आयर्नचा दांडा जवळून फिरवला तरी काम होतं. एकाच जागी सगळे जोड आणू नका, दर तारेचा जोड पुढेमागे ठेवा, म्हणजे जुडी जाड होत नाही. कार्डन शाफ्ट (मोटरची गती चाकांकडे नेणारा दांडा) आणि फ्लायव्हीलजवळून तार जात असेल तर ती चासिसला पॉलिस्टरच्या पट्टीने दाबून ठेवा. टेपचं सुटं टोक फिरत्या भागाकडे कधीच नसावं.

आता टेपपेक्षाही महत्त्वाची गोष्ट, आणि जुन्या डीसी इंजिनात हीच डिकोडर जाळते. बऱ्याच जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट चासिसला जोडलेला असतो, स्प्रिंगने किंवा पत्र्याच्या पट्टीने, आणि चासिस एका बाजूच्या चाकांतून रुळाला. डीसीवर ते चालतं. डीसीसीत मोटरचे दोन्ही ब्रश रुळापासून पूर्ण तुटलेले असले पाहिजेत. रुळाची वीज मोटरच्या तारेतून उलटी डिकोडरमध्ये शिरली की डिकोडर त्याच क्षणी जातो. म्हणून डिकोडर जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर लावा. एक टोक मोटरच्या ब्रशला, दुसरं आधी उजव्या बाजूच्या चाकांना, मग डाव्या, मग चासिसला. हेच दुसऱ्या ब्रशला. कुठेही बीप येता कामा नये. चाकं हाताने फिरवत फिरवत तपासा, कारण काही वेळा एका विशिष्ट जागी आल्यावरच धातू टेकतो. बीप आली तर मोटरची खालची पट्टी काढा, तिच्या आणि चासिसच्या मध्ये पॉलिइमाइडचे दोन थर द्या, आणि मोटर धरणारा स्क्रू धातूचा असेल तर नायलॉनचा घाला. धातूचाच ठेवायचा असेल तर त्याच्या दांड्यावर स्लीव्ह चढवा आणि डोक्याखाली फायबरचा वॉशर.

तारांचे रंग एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या पद्धतीने ठेवा: लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि राखाडी मोटर, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी दिव्यांची सामाईक. तपासणीत "नारिंगी ते लाल बीप येतेय" असं बोलता आलं की चूक शोधणं सोपं जातं. निळी तारही चासिसला टेकू देऊ नका.

डिकोडर जागेवर धरायचा कशाने? फोमच्या दुहेरी टेपचा एक लहान तुकडा, फक्त एका टोकाखाली. पूर्ण पोटाखाली फोम लावला तर तोही उष्णता अडवतो. ग्लू गनचा चिकटा नको, तापलेल्या इंजिनात तो मऊ पडतो.

मग काळी पीव्हीसी टेप कुठे? लेआउटच्या फळीखाली. तिथे दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरच्या बस वायरी असतात, हवा खेळती असते, उष्णता नसते. सोल्डर केलेल्या जोडावर टेप थोडी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर चढवत गुंडाळा. शेवटचा वेढा मात्र न ताणता नुसता टेकवा, ताणलेलं टोक हमखास उलगडतं. टेप घेताना आयएस ७८०९ चा उल्लेख आहे का बघा. चांगला रोल उलगडताना चिकट्याचे दोरे निघत नाहीत. बाजूने बघितल्यावर रोलच्या कडेला चिकटा बाहेर आलेला दिसला तर तो रोल उन्हात राहिलेला आहे, घेऊ नका. पावसाळ्यात सगळेच रोल झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाकून.

पीव्हीसीचा आणखी एक दुर्गुण लेआउटवाल्यांना क्वचितच माहीत असतो. ती लवचीक राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं. शेजारी पॉलिस्टायरीन असेल (थर्माकोल त्याचाच असतो) तर ते त्याला खातं. तुमचे घाटाचे डोंगर थर्माकोलचेच असणार. थर्माकोलला टेकून पीव्हीसीची वायर किंवा टेप गेली की वर्षा-दोन वर्षांत थर्माकोलमध्ये चर पडतो आणि वायर कडक होते. बोगद्याच्या आत हे दिसतही नाही. वायर आणि थर्माकोल यांच्यामध्ये कागदाच्या लगद्याचा थर द्या किंवा वायर लाकडी पट्टीवरून न्या. स्टायरीनच्या बॉडीलाही आतून काळी टेप लावू नये ती याचसाठी.

२३० व्होल्टच्या अॅडॉप्टरकडे यातली कोणतीही टेप घेऊन जाऊ नका. त्याची वायर सोलली असेल तर अॅडॉप्टर बदला.

हे सगळं करून डिकोडर उघडा बसवला की घाटावर परीक्षा घ्या. पूर्ण गाडी जोडून इंजिन तीन-चार वेळा वर न्या, वरच्या स्टेशनात थांबवा, वीज बंद करा, लगेच बॉडी काढून डिकोडरवर बोट टेकवा. बोट आरामात ठेवता आलं तर काम झालं. चटका बसून बोट उचलावं लागलं, तर दोष इन्सुलेशनचा नाही, मोटरचा आहे. डिकोडर काढून मोटरला १२ व्होल्ट डीसी द्या, मधे अॅम्पिअर मीटर लावा आणि फ्लायव्हील क्षणभर बोटांनी धरून थांबवा. त्या क्षणी मीटर जो आकडा दाखवेल तो डिकोडरच्या कमाल क्षमतेपेक्षा कमी असला पाहिजे. जुन्या उघड्या मोटरी एक-दीड अॅम्पिअरच्याही वर जातात. आकडा जास्त आला तर मोठा डिकोडर घ्या किंवा मोटर बदला, आणि तोवर घाटात डबे निम्मे करा. आकडा कळवा, मग पुढे कोणता डिकोडर घ्यायचा ते सांगता येईल.